घ्यावं, पण नाव सांगून

भालकी, जि. बीदर

प्रिय मैत्रिणीस,



तुझं पत्र मिळालं. मोबाइलवरच आलं असलं तरी तू वर ‘प्रिय’ आणि खाली ‘तुझीच’ लिहिलंस, म्हणून मी त्याला पत्रच म्हणते आणि उत्तरही तसंच, ऐसपैस बसून लिहिते. सगळं क्षेमकुशल आहे. तुरी काढायला आल्या आहेत, थंडी बरी पडली आहे, आणि तुझ्या प्रश्नानं मला दोन रात्री जागवलं आहे.

पाडव्याच्या कार्यक्रमात तुमच्या मंडळाच्या मुली ऑनलाइन मागवलेले आरशांचे घागरे घालून बंजारा नाच करणार. स्टेजवर बिदरी नक्षी छापलेले काळे पडदे लावणार. तुझी लेक म्हणाली, ‘आई, हे कल्चरल अप्रोप्रिएशन आहे, मी नाचणार नाही.’ मंडळातल्या काकांनी तिला समजावलं, ‘अगं, भारतातलंच आहे ना, मग आपलंच झालं.’ बिदरी आणि बंजारा दोन्ही माझ्या दाराशी, म्हणून तू मला विचारतेस, कोण बरोबर?

लेकीला आधी शाबासकी दे. त्या वयात असा प्रश्न पडणं ही साधी गोष्ट नाही. पण तिला हेही सांग, की दुसऱ्याचं घेणं हाच अपराध धरला, तर आमच्या या सीमेवरच्या माणसाला सकाळी उठून काय खावं, कुठला सण करावा आणि कुठल्या देवाला हात जोडावेत, असा प्रश्न पडेल.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, नुकतीच झाली. तुझ्या माहेरी उदगीरला जशी होते तशीच इथे. तुझं उदगीर आणि माझी भालकी एकेकाळी एकाच जिल्ह्यात होती, हे तुझ्या लेकीला माहीत नसेल. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे. आणि आम्ही म्हैसूर राज्यात. पण मार्गशीर्षाच्या अमावास्येला ती रेघ कुणाला आठवत नाही. लातूर, धाराशिव, सोलापूरपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, पुढ्यात भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालताना जो घोष करतात, त्याचे शब्द लातूरकडच्या मराठी शेतकऱ्याला नीटसे उमगतही नाहीत, कारण ते मूळचे कन्नडकडचे. तरी तो खणखणीत आवाजात म्हणतो. बापानं म्हटला, आज्यानं म्हटला.

यात कुणी कुणाचं लुटलं? कुणाचंच नाही. दोघांची ज्वारी एकाच काळ्या रानात उगवते. एकानं आंबील शिंपडली म्हणून दुसऱ्याच्या मडक्यातली कमी होत नाही. जेवायला वाटसरूलाही हाक मारून बसवतात. दोन्हीकडचे लोक बरोबरीनं राहिले, बरोबरीनं राबले, आणि रीत एकीकडून दुसरीकडे गेली. हे घेणं निर्मळ आहे.

आता बिदरी, धातूत चांदी बसवण्याची बीदरची कला. बिदरीही इथल्या मातीत आपोआप उगवली नाही. बहमनी सुलतानांच्या काळात इराणकडच्या कारागिरांनी ही कला इकडे आणली, असं कारागिरांची परंपराच सांगते. म्हणजे तीही आणलेलीच. पण ती इथे आली, राहिली, आणि बीदरच्या हातांनी आणि बीदरच्या मातीनं तिला नवं रूप दिलं. माती हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. जस्त सोळा भाग आणि तांबं एक भाग असा धातू ओततात. ओतलेलं भांडं कानशीनं घासून गुळगुळीत करतात, मोरचूद चोळून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे त्यावर कोरलेली रेघ उठून दिसते. मग नुसत्या हातानं, कंपास न लावता, वेलबुट्टी कोरायची. त्या चरांत चांदीची तार किंवा पातळ पत्रा ठोकून बसवायचा. पुन्हा घासायचं. आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती. जुन्या वास्तूंच्या आतली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. नवसागर आणि ही माती पाण्यात कालवून तापवलेल्या भांड्यावर चोळली, की जस्ताचा धातू कायमचा काळाभोर होतो आणि चांदी होती तशी पांढरीशुभ्र राहते. सगळी बिदरी त्या एका क्षणासाठी केलेली असते.

चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत गेलीस तर ही ठोकाठोक अजून ऐकू येते. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली इथल्या शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावात आपल्या घरचं लग्न असल्यासारखा आनंद झाला. पण मानांकनानं फक्त नावाची राखण होते. दुसरीकडे केलेली वस्तू ‘बिदरी’ म्हणून विकता येत नाही. नक्षीचा फोटो काढून ती पॉलिस्टरवर छापायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. तुमचे पडदे त्यातलेच. ज्या वेलीसाठी कारागिराची नजर आणि मनगट झिजलं, ती वेल यंत्रानं मीटरवर छापली, आणि त्यातला एक पैसा बीदरला पोचला नाही. पाहणाऱ्या शंभर लोकांना वाटेल, बिदरी म्हणजे एक प्रिंट. मला खरी हळहळ याची आहे. पैसा तर बुडालाच, पण कलेची ओळखही पुसली. चांदी गेली, माती गेली, माणूस गेला. उरला नुसता आकार.

येळवस आणि हे पडदे यांत फरक कुठे पडला, ते लेकीला दाखव. पहिल्यात देणारा आणि घेणारा एका पंगतीत बसले होते. दुसऱ्यात देणाऱ्याला पंगतीतून उठवलं आणि त्याचं ताट तेवढं ठेवून घेतलं.

कोल्हापुरीचा गदारोळ तुमच्याकडेही पोचला असेलच. २२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडानं पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या; कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाव नाही. इकडे संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा तिनं भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. पुढे त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथल्याच कारागिरांकडून बनवून घ्यायचे, सुमारे आठशे युरोंना जगभर विकायचे, आणि कारागिरांना प्रशिक्षणही द्यायचं, असं जाहीर झालं. करार कसा पाळला जातो ते पाहायचं. पण नाव घेतलं गेलं, काम इथे आलं, हे चांगलंच. मेक्सिकोतल्या मिहे लोकांनाही २०१५ साली एका फ्रेंच फॅशनकर्तीनं त्यांचं पारंपरिक भरतकाम आपल्या ब्लाउजवर उतरवल्यावर असंच भांडावं लागलं होतं. दुखणं जगभर एकच आहे.

त्या गदारोळात दोन गोष्टींबद्दल कुणी फारसं बोललं नाही, आणि त्या मला तुला सांगायच्या आहेत. कोल्हापुरीचं २०१९ चं मानांकन एकट्या महाराष्ट्राचं नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे तिकडचे, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार इकडचे. अथणी-निपाणीच्या कारागिरानंही ती चप्पल तितकीच घडवली आहे. ‘आमची कोल्हापुरी’ म्हणताना त्या कानडी हातांची आठवण आपल्याला आली का?

दुसरी गोष्ट याहून जड आहे. चप्पल घडवणारा समाज कोण? कातडं कमावणारे, शिवणारे. त्यांची चप्पल आपण पायात घातली आणि त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, पिढ्यान्‌पिढ्या. मिलाननं कारागिराचं नाव घेतलं नाही म्हणून आपण खवळलो, ते योग्यच. पण आपल्या गावात त्याचं नाव कुणी कधी आदरानं घेतलं होतं? परक्यानं आपला मान राखावा असं वाटत असेल, तर ज्याच्या हातचं वापरतो त्याचा मान घरात आधी राखायला हवा. नाही तर तो संताप मालकीचा आहे, आदराचा नाही.

म्हणूनच मला तुमच्या बंजारा नाचाची जास्त काळजी वाटते. काका म्हणतात, भारतातलंच, म्हणजे आपलंच. पण बंजारा समाजाला ‘आपलं’ म्हणायला आपण कधी गेलो? हे लोक शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाहतूक करत होते. त्यांच्या लदेणीवर फौजा जेवल्या. रेल्वे आली आणि तो धंदा बुडाला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांत बंजाऱ्यांच्याही शाखा होत्या. महाराष्ट्रात ते आज विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतात. माणसं तीच, गोरबोली तीच. कलबुर्गी आणि बीदर जिल्ह्यांत तांडे ठायी ठायी आहेत. सुगी सरली की पुण्या-मुंबईला, हैदराबादला बांधकामावर, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं त्यांतून निघतात. मागे म्हातारी माणसं आणि पोरं.

आणि तो पोशाख. फेटिया, कांचळी, डोक्यावरून ओढलेली छाटिया. आरसे, कवड्या, नाणी, आणि बारीक टाक्यांचं भरतकाम. एकेक पोशाख भरायला बाईला महिने लागतात. कानाजवळ लोंबणारी घुगरी आणि दंडावरचा चुडा या त्यांच्याकडे सौभाग्याच्या खुणा आहेत. आपल्याकडे जसं मंगळसूत्र, तसंच. आता सांग, तुमच्या दहा-बारा वर्षांच्या मुली प्लास्टिकच्या घुगऱ्या लावून, सिनेमाच्या गाण्यावर, डोळे मोडत नाचणार, आणि प्रेक्षकांत एखादी तांड्यातून शिकून इंजिनिअर होऊन तिकडे आलेली मुलगी बसलेली असली, तर तिला काय वाटेल? शाळेत असताना आईचा हाच पोशाख पाहून पोरं तिला हसली असतील. बसमध्ये कुणी बाजूला सरकून बसलं असेल. आणि आता तोच पोशाख ‘लूक’ म्हणून टाळ्या घेतो आहे. ज्यानं घातला तो हिणवला गेला आणि ज्यानं पांघरला तो मिरवला, हे मला सहन होत नाही. संदूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला २०१० साली मानांकन मिळालं, तिथल्या बाया आपलं काम आपल्या नावानं विकतात. तो मान खरा. त्यात त्या स्वतः उभ्या आहेत.

तू म्हणशील, मग काय, प्रत्येकानं आपापल्या कुंपणात बसायचं? नाही गं. आमच्या भागाकडून मी जर काही शिकले असेन तर ते हेच, की दुसऱ्याच्या दारी जाण्याची एक रीत असते.

बीदरजवळच्या अष्टूरला अहमदशाह वलीची कबर आहे, गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी बीदरला आणणारा तोच बहमनी सुलतान. मुसलमान त्याला वली मानतात. लिंगायत त्याच्यात अल्लमप्रभूंना पाहतात. होळीच्या सुमारास तिथला उरूस भरतो, आणि त्या उरुसाचा मान कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळच्या जंगमाचा. तो आपल्या माणसांसह पायी येतो, शंख फुंकला जातो, नारळ फुटतो, फुलं वाहिली जातात आणि फातिहाही होतो. जंगमानं आपला धर्म सोडला नाही, दर्ग्यानं आपला सोडला नाही. कबर कुणी ढापली नाही. दोघांनी एकमेकांची पायरी ओळखली, म्हणून ती रीत इतकी शतकं टिकली.

हुमनाबादजवळ संत माणिकप्रभूंचं माणिकनगर आहेच. त्यांचा जन्म १८१७ चा, समाधी १८६५ ची. त्यांनी सकलमत सांगितलं: सगळे पंथ खरे, कुणाचाही अव्हेर नाही. पदं लिहिली ती मराठीत, कानडीत, हिंदीत, संस्कृतात. आजही त्यांच्या दरबारात मोठमोठे गवई हजेरी लावतात, आणि गाणाऱ्याची जात-धर्म कुणी विचारत नाही. बीदरच्या नानक झिऱ्याच्या गुरुद्वाऱ्यात आमच्या गावची आजीही जाते तेव्हा डोक्यावर पदर घेते, पाय धुते, लंगरला रांगेत बसते. तिथला नियम तिनं स्वतःचा करून घेतला. तिला तो कुणी समजावून सांगावा लागला नाही.

याच कसोटीवर आपण मराठी माणसंही कधी कधी कमी पडतो, आणि ते मला बोचतं. गाणगापूर घे. गुरुचरित्र मराठीत आहे, ते लिहिणारे सरस्वती गंगाधर मात्र कानडी घरातले, असं परंपरा मानते. त्याच पोथीत बीदरच्या मुसलमान राजाची कथा आहे. मांडीवरच्या फोडानं बेजार झालेला तो राजा नृसिंह सरस्वतींना शरण येतो आणि बरा होतो. म्हणजे पोथी मराठी, लिहिणारा कानडी, भक्त सुलतान, आणि गाव भीमा-अमरजेच्या संगमावरचं, कलबुर्गी जिल्ह्यातलं. इतकं सगळं गुंफलेल्या ठिकाणी जाऊन काही यात्रेकरू पाट्या कानडीत का म्हणून कुरकुरतात, दुकानदार मराठी नीट बोलत नाही म्हणून चिडतात. दत्त महाराज आपलेच, पण ज्या गावानं त्यांना सांभाळलं त्या गावाची भाषा परकी? भालकीच्या हिरेमठाच्या चन्नबसव पट्टद्देवरूंनी निजामाच्या राज्यात बाहेर उर्दूचा फलक लावून आत मुलांना कन्नड शिकवली. ज्या लोकांनी आपली भाषा अशी जपली, त्यांच्या गावात दोन शब्द कानडी बोलायला आपल्याला जड का जावं?

‘आमचंच’ हा हट्ट कुठवर जातो तेही इथे पाहिलं आहे. आळंदला लाडले मशायकांच्या दर्ग्याच्या आवारात राघवचैतन्यांची समाधी आणि शिवलिंग आहे. राघवचैतन्य म्हणजे आपल्या तुकोबांच्या गुरुपरंपरेतले. २०२२ च्या महाशिवरात्रीला तिथल्या पूजेवरून दगड पडले. पुढच्या वर्षी न्यायालयाच्या आदेशानं वेळ वाटून, मोजक्या माणसांनी पूजा केली, पोलिसांच्या पहाऱ्यात. संस्कृती जपायची म्हणजे कुंपण घालायचं, असं मी तुझ्या लेकीला सांगू शकत नाही, त्याचं हे एक कारण. कुंपणं वाढली की आदर वाढतोच असं नाही, आणि कुंपण मोडून आत घुसणं म्हणजेही प्रेम नव्हे.

तर माझं सांगणं असं. दुसऱ्याचं काही घ्यायचं असेल, तर त्याचं नाव मोठ्यानं घ्यावं. त्याच्या पोटाला त्यातलं काही मिळावं. त्याला विचारावं, आणि तो नको म्हणाला तर त्याचा मान ठेवावा. आणि घेणारा बळकट, देणारा दुबळा असेल, तर या तिन्ही गोष्टी दुप्पट पाळाव्यात. हे जिथे होतं तिथे देवाणघेवाण. जिथे होत नाही तिथे तुझ्या लेकीचा तो इंग्रजी शब्द लागू.

पाडव्याचं काय करायचं, तेही सांगते. तुमच्या शहरात बंजारा कुटुंबं नक्की असतील. तेलंगणातली, विदर्भातली, आमच्याकडची. त्यांना शोधा, जेवायला बोलवा, विचारा. त्यांना आवडलं तर त्यांच्यातल्याच कुणी मुलींना शिकवू दे, गाणंही त्यांच्याच बोलीतलं निवडू दे, आणि कार्यक्रमपत्रिकेत शिकवणाऱ्या बाईचं नाव मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाआधी छापा. घुगरी-चुडा त्या म्हणतील तसं. कुणी भेटलं नाही, तर यंदा लेझीम करा, येळवशीचा प्रसंग बसवा. आपल्याजवळ काही कमी नाही. लेकीला मात्र नाचायला लाव. प्रश्न विचारणारी मुलगी बाजूला बसून राहिली तर बाकीच्या मुली काय शिकणार?

छापील पडदे परत करा. त्या पैशांत सगळं स्टेज सजणार नाही, पण एक खरी बिदरी सुरई किंवा तबक नक्की येईल. ते मधोमध ठेवा आणि शेजारी दोन ओळी लिहा: कुणी केलं, कुठल्या मातीनं काळं झालं. मी पुढच्या आठवड्यात बीदरला जाणार आहे. तुझा होकार आला तर चौबाऱ्यावरच्या कारागिराला सांगून ठेवते. हातचं काम आहे, वेळ लागेल, म्हणून लगेच कळव. आणि दर ते सांगतील तो द्यायचा, घासाघीस करायची नाही.

तुझीच,
भालकीची मैत्रीण